पन्नाशीनंतरचा सॉफ्टबॉल : कधी पळायचं, कधी थांबायचं

सांगलीतल्या साठीच्या माणसाला सॉफ्टबॉल शिकवायचा म्हटलं तर बॅट धरायला शिकवावं लागत नाही, बॉल अडवायलाही नाही. शिकवावं लागतं ते पळायला. पळता येत नाही म्हणून नव्हे, तर डोक्यात क्रिकेट पक्कं बसलंय म्हणून. विजय हजारे इथलेच, स्मृती मानधना माधवनगरात वाढली, आणि बाकी आम्ही सगळे गल्लीत टेनिस बॉल बडवत मोठे झालो. त्यामुळे बॉल मारला की आमचा गडी आधी बॉल कुठे गेला ते बघतो, मग समोर बघतो, मग पळावं की नाही याचा विचार करतो. क्रिकेटमध्ये या विचाराला मुभा आहे. इथे तो पुरा होईपर्यंत पहिल्या बेसवरचा फील्डर बॉल हातात घेऊन उभा असतो.

शाळेत क्रीडाशिक्षक असताना मी पोरांना शिकवला तो फास्ट पिच, म्हणजे जोरात टाकलेल्या बॉलचा सॉफ्टबॉल. शालेय स्पर्धांत तोच असतो, ऑलिंपिकमध्येही तोच होता. आता रविवारी सकाळी मैदानावर जमणाऱ्या मंडळींत निवृत्त बँकवाले आहेत, एसटीतून निवृत्त झालेले आहेत, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचे एक दिवाणजी आहेत, दोन शिक्षिका आहेत. यांच्यासाठी स्लो पिच बरा. यातही पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, हात खांद्याखालून आणतो, पण बॉल कमान करून वरून यावा लागतो. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सामन्यांत ही कमान जमिनीपासून ६ फुटांच्या वर आणि १२ फुटांच्या आत असावी लागते. असा बॉल बहुतेकांना मारता येतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बॉलवर कुणीतरी पळणार, आणि सगळे वाद पळण्यावरूनच होणार.

मैदान थोडक्यात सांगतो. चौरस एका कोपऱ्यावर उभा केला की झाला डायमंड. खालचा कोपरा होम, तिथून उजवीकडे पहिला बेस, समोर दुसरा, डावीकडे तिसरा, आणि परत होम. चारही ठिकाणं क्रमाने शिवून आलात की एक रन. फास्ट पिचमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं. स्लो पिचमध्ये बहुधा ६५, काही ठिकाणी ७०. आम्ही ६५ धरतो, म्हणजे पूर्ण फेरी २६० फुटांची. ऐकायला किरकोळ वाटते. पण ती चार तुकड्यांत, दर वेळी थंड पडलेल्या पायांनी आणि एकदम जोर लावून पळायची असते, आणि मांडीमागचा स्नायू धरतो तो नेमका याच धक्क्याने. म्हणून माझं ठाम मत आहे की या वयात नियम कळणं हे चांगले बूट असण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. जिथे पळायची गरजच नाही तिथे पळून पाय धरून बसलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत.

मागून कोण येतंय?

पळण्याचा सगळा हिशेब एका प्रश्नावर उभा आहे. माझी जागा मागच्याला लागणार आहे का?

बॅटरने बॉल आत मारला की पहिल्या बेसवर पोचणं त्याला भाग आहे. परत येऊन पुन्हा बॅटिंग करता येत नाही. एका बेसवर दोघांना थांबता येत नाही. मग पहिल्या बेसवर आधीच कुणी उभं असेल तर त्याला दुसऱ्याकडे निघावंच लागतं, आणि दुसऱ्यावर कुणी असेल तर त्याला तिसऱ्याकडे. आमच्या भागातल्या लोकांना हे खो-खोवरून पटकन कळतं. पाठीमागून खो मिळाला की 'मी जरा बसतो' म्हणायची सोय नसते, उठावंच लागतं. इथे बॅटर पहिल्या बेसकडे निघाला, तोच तुमचा खो.

या सक्तीला फोर्स म्हणतात. सक्ती असलेल्या रनरला आउट करायला फील्डरने त्याला शिवायची गरज नसते. हातात बॉल आणि पाय बेसवर, एवढं रनर पोचायच्या आधी झालं की काम झालं. सक्ती नसेल तर मात्र बॉल असलेल्या हाताने किंवा ग्लोव्हने रनरला प्रत्यक्ष शिवावं लागतं. त्याला टॅग म्हणतात. क्रिकेटमधला रनआउट फोर्ससारखा दिसतो, पण तिथे पळायचं की नाही ते तुम्ही ठरवलेलं असतं.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात हे असं व्हायचं. पहिल्या बेसवर अण्णा, बॅटिंगला दिवाणजी. दिवाणजींनी बॉल जमिनीलगत तिसऱ्या बेसकडे मारला आणि निघाले. अण्णा जागच्या जागी.

"आवं अण्णा, पळा की!"

"आन् हितं कोण उभारणार?"

"हितं दिवाणजी आलं न्हवं!"

तोवर बॉल दुसऱ्या बेसवर जाऊन परत पहिल्यावर आलेला. एका फटक्यात दोन आउट, आणि अण्णा अजून बेसवरच उभे. "मी तर जागा सोडलीच नाही, मग आउट कसा?" हा त्यांचा प्रश्न क्रिकेटच्या हिशेबाने बिनतोड होता. इथे जागा सोडली नाही म्हणूनच ते आउट होते.

आता उलट बाजू. दुसऱ्या बेसवर तुम्ही एकटेच आहात, पहिला रिकामा आहे. बॅटर पहिल्यावर येईल, तुमची जागा त्याला नको आहे. तुमच्यावर सक्ती नाही. तिसऱ्या बेसवर एकटेच असाल तर तेच. पहिल्यावर आणि तिसऱ्यावर एकेक जण असेल तर सक्ती फक्त पहिल्यावाल्यावर, तिसरा मोकळा, कारण मधली साखळी तुटलेली आहे. तिन्ही बेस भरलेले असतील तर सगळ्यांनी निघायचं.

सक्ती नसताना पळावं का, हे बॉल कुठे गेला त्यावर. दुसऱ्या बेसवर असाल आणि जमिनीलगतचा बॉल तुमच्या डोळ्यांसमोर, म्हणजे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला गेला, तर थांबा. तुम्ही तिसऱ्याकडे निघालात तर बॉल तुमच्या वाटेतच आहे. बॉल तुमच्या पाठीमागे, पहिल्या-दुसऱ्याच्या मधे गेला तर निघा, तिथून तिसऱ्यापर्यंत फेक लांब पडते. हा नियमपुस्तकातला नियम नाही, पण त्याच्याइतकाच उपयोगी आहे.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. सक्ती मधेच सुटू शकते. पहिल्यावर तुम्ही, बॅटरने बॉल थेट पहिल्या बेसच्या फील्डरकडे मारला. त्याने बॉल उचलून आधी आपला बेस शिवला, म्हणजे बॅटर आउट. आता मागून येणारा कुणी उरलाच नाही, त्यामुळे तुमची सक्ती संपली. दुसऱ्या बेसवर नुसता पाय ठेवून तुम्हाला आउट करता येणार नाही, टॅगच करावा लागेल. तुम्हाला परत फिरायचीही मोकळीक आहे. मधेच थांबून दम घेणाऱ्या रनरला अशा वेळी दोन फील्डर इकडून तिकडे पळवतात, तेव्हा दुसऱ्यावरच्या फील्डरला आपल्याच माणसाने "टॅग, टॅग!" असं ओरडून सांगावं लागतं. न ओरडणारा संघ हमखास फसतो.

हवेतला बॉल

बॉल उंच गेला की सगळं उलटतं, आणि क्रिकेटची सवय इथे सगळ्यात जास्त नडते. क्रिकेटमध्ये कॅच घेतला जाईपर्यंत पळून ठेवलं तर बिघडत काहीच नाही. इथे कॅच झाला तर बॅटर आउट होतोच, वर जे रनर आपापला बेस सोडून गेलेत त्यांना परत येऊन बेस शिवावा लागतो. ते परतायच्या आत बॉल त्या बेसवर पोचला आणि फील्डरने दाद मागितली की तेही आउट. इथे टॅग लागत नाही, बेस शिवला तरी पुरतं. दाद मागावी लागते हे महत्त्वाचं. पंच आपणहून आउट देत नाहीत.

पण थांबून, कॅच झाल्यावर, पुढे पळायला मुभा आहे. याला टॅग अप म्हणतात. पाय बेसवर ठेवायचा, डोळे बॉलवर, आणि फील्डरच्या हाताला बॉल लागला की निघायचं. इथे बारकावा असा की निघण्याची वेळ कॅच पक्का झाल्याची नाही, पहिल्या स्पर्शाची आहे. नाहीतर चलाख फील्डर बॉल हातावर झेलत झेलत पुढे पळत आला असता आणि रनर बेसवर खिळून राहिले असते.

मग हवेत बॉल असताना उभं राहायचं कुठे? तरुण रनर साधारण अर्ध्या वाटेवर जातो. कॅच झाला तर परत, सुटला तर पुढे. पन्नाशीनंतर मी अर्धी वाट सांगत नाही. जवळचा उंच बॉल असेल तर बेसपासून चार-पाच पावलं, त्यापुढे नाही. लांब मागे गेलेला असेल तर सरळ बेसवर परत येऊन टॅग अपची तयारी. कारण गर्रकन वळणं हे गुडघ्याला पळण्यापेक्षा महाग पडतं, आणि एक बेस कमी मिळाला म्हणून कुणाचा जीव जात नाही.

इनफील्ड फ्लाय नावाचं प्रकरण इथेच उरकून टाकतो. दोनपेक्षा कमी आउट आहेत, पहिल्या आणि दुसऱ्यावर (किंवा तिन्हीवर) रनर आहेत, आणि बॉल आतल्या फील्डरला सहज झेलता येईल असा उंच गेला. अशा वेळी पंच बॉल हवेत असतानाच बॅटरला आउट देतात. कॅच सुटला तरी तो आउटच. कारण लबाडी. फील्डरने मुद्दाम बॉल खाली पाडला असता तर थांबलेल्या रनरांवर एकदम सक्ती आली असती, आणि एका सोप्या कॅचच्या जागी दोन आउट मिळाले असते. पंचांनी हात वर करून तसं सांगितलं की रनरांनी बेसवर शांत उभं राहावं. मागून कुणीही येत नाही.

ज्येष्ठांसाठी बदललेलं

सॉफ्टबॉल जन्मला १८८७ साली शिकागोत, थंडीच्या दिवसांत, छपराखाली खेळायचा खेळ म्हणून. बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने बांधून केलेला बॉल आणि दांडकं, एवढ्यावर. ज्येष्ठांनी तो आपलासा केला त्यालाही आता जुने दिवस झाले. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये 'किड्स अँड कब्ज' नावाचा क्लब १९३० पासून आहे, आणि तिथे खेळायला किमान वय ७५ लागतं. आज तिकडे पन्नाशीपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट करून स्पर्धा होतात. या लोकांनी खेळता खेळता जे नियम बदलले, ते सगळे एकाच जागेकडे बोट दाखवतात. मैदानावर जिथे जिथे दोन अंगं एकाच वेळी एकाच ठिकाणी यायची, तिथे त्यांनी ठिकाणंच दोन केली.

पहिला बेस बघा. साधा बेस १५ इंचांचा चौकोन असतो. ज्येष्ठांकडे तो दुप्पट लांब असतो, अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी. पांढरा भाग मैदानाच्या आत, नारिंगी रेषेबाहेर, म्हणजे फाउलच्या बाजूला. बॉल पहिल्या बेसकडे येत असेल तर फील्डरने पांढरा शिवायचा आणि बॅटरने नारिंगी. बॅटरने नुसता पांढरा शिवला आणि फील्डरांनी लगेच दाद मागितली तर तो आउट. फटका लांब गेलाय, पहिल्यावर काही घडतच नाही, बॅटर वळून दुसऱ्याकडे निघालाय, तर पांढरा शिवला तरी चालतं. आणि एकदा पहिल्या बेसवर थांबलात की तुमचा बेस पांढराच, नारिंगीचं काम संपलं. आमच्याकडे असा बेस विकत आणलेला नाही. पांढऱ्याला चिकटून जुन्या गोणपाटाचा तुकडा टाकून त्यावर गेरू फासला, काम भागलं.

पहिला बेस ओलांडून पुढे पळत जायला परवानगी सगळ्याच सॉफ्टबॉलमध्ये आहे. एक गैरसमज मात्र अगदी शाळेच्या पंचांपर्यंत मुरलेला आहे की पुढे गेल्यावर डावीकडे वळलं तर टॅग करून आउट करता येतं. वळण कुठल्या बाजूला घेतलं याला अर्थ नाही. दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला की नाही, एवढंच पाहायचं. प्रयत्न केला नाही आणि सरळ परत आलात तर सेफ. काही ज्येष्ठांच्या लीगमध्ये ही सवलत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसलाही देतात, म्हणजे बेसवर गचकन थांबावं लागत नाही. आम्हीही देतो. थांबताना टाच मुरमात रुतून घोटा मुरगळतो, तो प्रकार त्यामुळे गेला.

आता सगळ्यात नवी वाटणारी गोष्ट, होमची. साध्या खेळात तिसऱ्यावरून येणारा रनर आणि वाट अडवून बसलेला कॅचर (होममागे बॉल घेणारा) यांची होमवर टक्कर होते, टीव्हीवर ती छान दिसते. साठीत तिचा शेवट अस्थिरोगतज्ज्ञाकडे होतो. म्हणून दोन सोयी केल्या. तिसऱ्या बेसहून होमकडे येणाऱ्या वाटेवर, होमपासून ३० फुटांवर (काही ठिकाणी २०) आडवी रेघ मारतात. तिला कमिटमेंट लाइन म्हणतात, आमच्याकडे तिला नुसतं 'रेघ' म्हणतात. आणि रनरसाठी दुसरं होम वेगळं ठेवतात, खऱ्या होमच्या बाजूला काही फुटांवर, तिसऱ्या बेसकडच्या फाउलच्या जागेत. कॅचर खऱ्या होमवर, रनर बाजूच्या होमवर. दोघांची वाट एक होतच नाही.

रेघेचा अर्थ असा. तिच्या अलीकडे नेहमीचा खेळ चालू, परत तिसऱ्यावर जाता येतं, टॅग करून आउट करता येतं. एक पाय रेघेपलीकडे पडला की परतीचा रस्ता बंद. फिरलात तर आउट. आणि रेघेपलीकडे तुम्हाला कुणी टॅग करूनही आउट करू शकत नाही. फील्डरने बॉल घेऊन खरं होम शिवायचं, तुम्ही तुमचं होम शिवायचं, जो आधी तो जिंकला. मागून कुणी येत नसलं तरी इथे सक्तीसारखंच. आणि रनरने सवयीने खऱ्या होमवर पाय दिला तर तो आउट.

कागदावर सरळ वाटतं. मैदानावर काय होतं ते सांगतो. एक आउट, तिसऱ्या बेसवर आमच्या बाई, गणिताच्या शिक्षिका. बाकी बेस रिकामे. बॅटरने बॉल पिचरच्या पायाशी मारला. बाई सहा-सात पावलं पुढे आल्या, पिचरने बॉल उचलून त्यांच्याकडे बघितलं, बाई थांबल्या. सक्ती नाही, रेघ अजून लांब आहे. पिचर बॉल हातात धरून त्यांच्याकडे चालू लागला. बाई मागे सरकल्या. पिचरला वाटलं आता या तिसऱ्यावर जातात, म्हणून त्याने पहिल्याकडे फेकला. बॉल हातातून सुटल्या क्षणी बाई निघाल्या आणि रेघेपलीकडे गेल्या. पहिल्यावर बॅटर आउट झाला, तिथून फेक होमकडे आली. कॅचरने बॉल घेतला आणि सवयीने धावत जाऊन बाईंच्या खांद्याला लावला. मोठा जल्लोष झाला. बाई थांबल्या नाहीत, चालत जाऊन आपलं होम शिवलं आणि पंचांकडे बघितलं. रन. बॉल आला तेव्हा कॅचर होमपाशीच होता, नुसता पाय टेकवला असता तर बाई आउट होत्या.

म्हणून मी तिसऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगतो, निर्णय रेघेच्या अलीकडे घ्या. रेघेवर पोचून विचार करू नका. आणि कॅचरला सांगतो, माणूस विसरा, होम सांभाळा. फक्कीने मारलेली रेघ दुसऱ्या इनिंगपर्यंत पायांनी पुसून जाते, तेव्हा दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून ठेवाव्यात. ती दिसत नसेल तर या सगळ्या नियमाचा उपयोग भांडणापुरताच.

होमला टक्कर उरली नाही म्हणजे तिथे घसरत जायचं कारणही उरलं नाही. बाकीच्या बेसना स्लाइड करायची की नाही हे प्रत्येक लीगचं वेगळं. आमच्यात बंदी आहे. तिकडचे फोटो बघून हुरूप येतो, पण तिथे मऊ माती असते. इथे उन्हाळ्यात मुरूम, त्यावर घसरलं की कोपरापर्यंत साल निघते, आणि पावसानंतर काळी माती पाय सोडत नाही. बॉल हातात नसताना बेससमोर आडवं उभं राहायला फील्डरला मनाई आहेच, ती सगळीकडेच असते. रनर अडला तर पंच त्याला त्याचा बेस देतात.

स्टीलिंग नाही. पिचरने बॉल टाकला म्हणून बेस सोडायचा नाही, बॅटला बॉल लागेपर्यंत पाय बेसवर. आधी निघालात तर आउट.

आणि बदली रनर. ज्याला बॅटिंग करता येते पण पळवत नाही, त्याने बेसवर पोचल्यावर आपल्या जागी दुसऱ्याला उभं करायचं. याला कर्टसी रनर म्हणतात. एका इनिंगमध्ये किती वेळा, आणि एकच माणूस किती वेळा, हे गटागटाप्रमाणे बदलतं. वय वाढेल तशी सूट वाढते. काही घरगुती लीगमध्ये होमपासूनच दुसरा पळतो. इथे सापळा एकच आहे. बदली रनर बेसवर असताना त्याचीच बॅटिंगची पाळी आली, तर बऱ्याच ठिकाणी बेसवरचा तो आउट धरतात आणि त्याला बॅटिंगला बोलावतात. तेव्हा बदली म्हणून सगळ्यात वेगवान माणूस नव्हे, तर नुकताच बॅटिंग करून आउट झालेला माणूस पाठवावा. त्याची पाळी यायला सगळ्यात जास्त वेळ असतो.

रन धरायचा की नाही

तिसऱ्या आउटला इनिंग संपते. तो आउट आणि रन एकाच वेळी झाले की वहीत काय लिहायचं यावर आमच्याकडे भडंगाच्या पुड्या संपेपर्यंत चर्चा चालते. नियम तसा सोपा आहे. तिसरा आउट सक्तीचा असेल, किंवा बॅटरच पहिल्या बेसवर पोचायच्या आधी आउट झाला असेल, तर रन धरत नाहीत. होमवर आधी पोचला असला तरी नाही.

दोन आउट आहेत, पहिल्यावर आणि तिसऱ्यावर रनर. बॉल शॉर्टस्टॉपकडे, तिसऱ्यावाला होमला पोचला, मग शॉर्टस्टॉपने दुसऱ्यावर बॉल देऊन पहिल्यावाल्याला सक्तीने आउट केलं. रन नाही. आता दुसरा प्रकार. दोन आउट, तिसऱ्यावर रनर, बॅटरने बॉल लांब मारला, रनर होमला आला, बॅटर पहिल्यावर समाधान न मानता दुसऱ्याकडे गेला आणि तिथे टॅग झाला. हा आउट सक्तीचा नाही. तेव्हा टॅग आधी की होम आधी, एवढंच बघायचं. होम आधी असेल तर रन धरायचा. म्हणून दोन आउट असताना तिसऱ्यावरच्याने रमतगमत येऊ नये, आणि मागच्याने उगाच लवकर आउट होऊ नये.

यात फसवणारी एक गोष्ट राहते. कॅच झाल्यावर बेस लवकर सोडला म्हणून दाद मागून दिलेला आउट दिसायला सक्तीचा वाटतो, कारण फील्डर नुसता बेस शिवतो. पण तो सक्तीचा नाही. तिथेही वेळच बघायची.

बाकी किरकोळ. पुढच्या रनरला मागे टाकून पुढे गेलात तर तुम्ही आउट, पुढचा नाही. दोघे एकाच बेसवर उभे राहिले आणि सक्ती नसेल तर बेस पुढच्याचा, मागच्याला टॅग करता येतो. टॅग चुकवायला आपल्या सरळ वाटेपासून तीन फुटांपेक्षा जास्त बाजूला गेलात तर आउट. बेस शिवायचा राहिला आणि समोरच्यांनी दाद मागितली तर आउट. म्हणून वळताना बेसचा आतला कोपरा पायाने जाणूनबुजून दाबावा.

शेवटचं आमच्या मैदानापुरतं. पहिल्या बेसमागे झाडाखाली सगळ्यांच्या स्कूटर उभ्या असतात, आणि घाईत फेकलेला बॉल तिकडेच जातो. बॉल मैदानाबाहेर गेला की खेळ थांबतो आणि फेक हातातून सुटताना ज्याने शेवटचा जो बेस शिवलेला असेल तिथून त्याला दोन बेस मिळतात. बॅटर पहिल्यावर पोचलाच नव्हता, तर त्याला दुसरा. पहिल्याहून निघालेला दुसऱ्यावर पोचला नव्हता, तर त्याला तिसरा. मैदान कुठे संपतं हे मात्र मॅच सुरू व्हायच्या आधीच दोन्ही कॅप्टनांनी पंचांसमोर ठरवायचं. आमच्याकडे पहिल्या स्कूटरचं पुढचं चाक ही हद्द धरतात, आणि मॅच चालू असताना स्कूटर हलवायची नाही.